किशोरवयीनांच्या रेझिलियन्सची अनुवादित प्रश्नावली: वैधता कशी तपासावी

दुसऱ्या भाषेत तयार झालेली रेझिलियन्सची, म्हणजे संकटानंतर सावरण्याच्या क्षमतेची, प्रश्नावली मराठीत आणली, क्रॉनबाख अल्फा (उत्तरांची परस्परसंगती दाखवणारा आकडा) ०.८ आला, की काम झालं असं पुष्कळदा धरलं जातं. अल्फा एवढंच सांगतो की मुलांनी विधानांना एकमेकांशी जुळणारी उत्तरं दिली. ती कशाबद्दल दिली, हे तो सांगत नाही. सगळी विधानं ‘मी चांगलं मूल आहे’ याच अर्थाने वाचली गेली तरी अल्फा उत्तमच येईल. म्हणून इथे आकडेमोडीच्या आधीच्या टप्प्यांना जास्त जागा दिली आहे. बहुतेक बिघाड तिथेच होतात आणि मग कुठल्याही सॉफ्टवेअरने दुरुस्त होत नाहीत.

गुण कशासाठी हवेत आणि कोणती प्रश्नावली

‘ही प्रश्नावली वैध आहे’ असं मोघम विधान कधीच करता येत नाही. वैधता, म्हणजे मोजायचं तेच मोजलं जातंय याचा पुरावा, असते ती ठरावीक गटातल्या गुणांच्या ठरावीक वापराची. मुलगे आणि मुली यांच्या सरासरींची तुलना करायची असेल तर मापन दोन्ही गटांत सारखं चालतं याचा पुरावा लागतो. उपक्रमाआधी आणि नंतर मोजायचं असेल तर मोजणीतली चूक किती, हे माहीत हवं. एकेका मुलाबद्दल निर्णय घ्यायचा असेल तर विश्वसनीयता (गुणांत मोजणीची चूक किती कमी, हे सांगणारा आकडा) ०.९०च्या आसपास हवी, आणि लहान प्रश्नावल्यांना ते क्वचितच झेपतं. हा वापर पहिल्याच दिवशी लिहून ठेवा. पुढचा सगळा आराखडा त्यावरच बेततो.

प्रश्नावली निवडताना नावावर जाऊ नका. २००८ची ब्रीफ रेझिलियन्स स्केल सहा विधानांची आहे आणि थेट सावरण्याबद्दल विचारते. कॉनर-डेव्हिडसन मापनी २००३मध्ये २५ विधानांची आली, २००७मध्ये तिचं १० विधानांचं रूप आलं. तिचा भर व्यक्तीच्या अंगच्या गुणांवर आहे आणि ती मुळात प्रौढांसाठी बनली. नॉर्वेत तयार झालेली, २००६मध्ये प्रसिद्ध झालेली रीड ही २८ विधानांची मापनी मात्र किशोरांसाठीच आहे आणि तिच्या पाच घटकांत कुटुंबातला जिव्हाळा आणि सामाजिक आधारही येतो. सीवायआरएम-आर, म्हणजे मुलं आणि तरुणांसाठीच्या रेझिलियन्स मापनीची सुधारित आवृत्ती, १७ विधानांची आहे. तिच्या दोन उपमापन्यांपैकी एक पूर्णपणे सांभाळ करणाऱ्या मोठ्यांशी असलेल्या नात्याबद्दल आहे. या चारही गोष्टींना रेझिलियन्सच म्हणतात, पण कुटुंबावरच्या उपक्रमाचा परिणाम ब्रीफ स्केलने मोजायला गेलात तर हाती काही लागणार नाही, आणि दोष उपक्रमाचा वाटेल.

निवड झाली की मूळ हक्कदारांकडे लेखी परवानगी मागा. कॉनर-डेव्हिडसन मापनीसाठी परवानगी आणि शुल्क दोन्ही लागतं. पत्रात चार गोष्टी स्पष्ट विचारा: मराठी अनुवाद आधीच झाला आहे का, विधानाची शब्दरचना बदलायची मुभा किती, अनुवादित विधानं छापता येतील का, आणि अनुवादाचा हक्क कोणाकडे राहील. यातल्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘अजिबात नाही’ असं आलं तर ते अनुवादकांना कामाआधी कळलं पाहिजे.

अनुवाद

रुळलेली पद्धत अशी. मराठी मातृभाषा असलेले दोन अनुवादक एकमेकांशी न बोलता अनुवाद करतात. एकाला विषयाची जाण असते, दुसऱ्याला मुद्दाम नसते, कारण तो रोजच्या बोलण्यातले शब्द आणतो. दोघांच्या मसुद्यांतून एकत्रित मसुदा तयार होतो. मग मूळ प्रश्नावली न पाहिलेले दोन जण तो परत मूळ भाषेत नेतात. शेवटी तज्ज्ञ समिती सगळे मसुदे समोर ठेवून एकेक विधान ठरवते. समितीत पद्धतीशास्त्र जाणणारा, मानसशास्त्र जाणणारा, भाषेचा जाणकार, सगळे अनुवादक आणि रोज किशोरांमध्ये काम करणारी एखादी व्यक्ती हवी. प्रत्येक निर्णयाचं कारण नोंदवा. पुढे एखादं विधान बिघडलेलं दिसलं की हीच नोंद पहिल्यांदा उघडावी लागते.

उलट अनुवादावर मात्र फार विसंबू नका. शब्दाला शब्द ठेवून केलेला बोजड अनुवाद परत नेला की हुबेहूब मूळ वाक्य मिळतं आणि समिती निर्धास्त होते. उलट अनुवाद अर्थ सुटलाय का, हे दाखवतो. बारा वर्षांच्या मुलाला वाक्य कळेल का, हे दाखवत नाही.

मराठीत एक अडचण जवळजवळ प्रत्येक विधानात येते. ‘मी’ने सुरू होणारं वाक्य बहुधा लिंग मागतं: ‘अपयश आलं तरी मी लवकर सावरतो’ की ‘सावरते’? यातून सुटायला अनुवादक नकळत दोन वाटा धरतात. पहिली, ‘मी खचून जात नाही’. नकारात लिंगभेद नाहीसा होतो, पण विधानाची दिशा आणि आशय दोन्ही बदलतात. न खचणं आणि खचून पुन्हा उभं राहणं या वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी, ‘मला लवकर सावरता येतं’. इथे लिंग गेलं, पण सवयीची जागा क्षमतेनं घेतली. मूळ विधान ‘करू शकतो’ असं असेल तर ही रचना उत्तम, नसेल तर नाही. ‘सावरतो/सावरते’ अशी तिरपी रेघ प्रत्येक वाक्यात आली की लहान वयाचे वाचक अडखळतात. आमच्या मते, मुलगे आणि मुली यांच्यासाठी दोन छापील नमुने करणं सर्वांत स्वच्छ. फरक फक्त क्रियापदांत असावा, आणि यातला कुठलाच नमुना निवडायचा नाही अशांसाठी तिरप्या रेघेचा तिसरा ठेवावा. भरलेला नमुना कोणता, ही नोंद माहितीसंचात हवीच. पुढे मुलगे आणि मुली यांच्या उत्तरांत फरक दिसला तर तो मुलांचा की नमुन्याचा, हा प्रश्न उभा राहील. त्याचं उत्तर म्हणून प्रायोगिक चाचणीत काही मुला-मुलींना तिरप्या रेघेचाच नमुना देऊन बघता येतं.

बाकीचे नियम थोडक्यात. एका विधानात एकच गोष्ट. ‘घरचे आणि मित्र मला मदत करतात’ यावर फक्त मित्रच मदत करत असतील तर काय लिहायचं? मूळ विधानच असं जोड असेल तर ते मोडण्याची परवानगी मागा. शक्यतो दहा-बारा शब्दांच्या आत वाक्य संपवा. ‘प्रतिकूल परिस्थिती’, ‘आत्मविश्वासपूर्वक’ असे शब्द मराठीच्या धड्यात शोभतात. प्रश्नावलीत त्यांनी वाचन कौशल्य मोजलं जातं.

उलट विधानं

ब्रीफ स्केलच्या सहापैकी तीन विधानं उलट दिशेची आहेत. समजा असं एखादं विधान ‘अडचणीतून बाहेर पडणं मला सोपं जात नाही’ असं झालं आणि पर्याय ‘सहमत नाही’ असा आहे. आता सावरणाऱ्या मुलाला ‘सोपं जात नाही, याच्याशी मी सहमत नाही’ एवढी उलाढाल मनात करावी लागते. लहान मुलं इथे हमखास घसरतात आणि सुलट, उलट दोन्हींना ‘सहमत’ म्हणतात. घटक विश्लेषणात, म्हणजे कोणती विधानं एकत्र जातात हे शोधणाऱ्या आकडेमोडीत, मग दोन घटक निघतात आणि शोधनिबंधात त्यांना ‘सकारात्मक’ आणि ‘नकारात्मक’ रेझिलियन्स अशी नावं मिळतात. वस्तुतः तो वाक्यरचनेचा परिणाम असतो.

उपाय असा की उलट विधानातून ‘नाही’ काढून टाका: ‘अडचणीतून बाहेर पडणं मला जड जातं’. दिशा उलटीच राहिली, दुहेरी नकार गेला. परवानगीशिवाय विधान सुलट करू नका. तसं केलं तर मूळ गुणांशी तुलना संपते. गुण देताना १ ते ५च्या पट्टीवर उलट विधानाचा गुण ६ वजा उत्तर, ० ते ४च्या पट्टीवर ४ वजा उत्तर. एखाद्या विधानाचा उरलेल्या विधानांच्या बेरजेशी सहसंबंध (दोन्ही एकत्र वाढतात की उलट दिशेने, हे दाखवणारा −१ ते १चा आकडा) उणे आला, तर सिद्धांत शोधण्याआधी हे उलटवणं राहिलं का ते बघा.

तज्ज्ञ आणि मुलं

आशयवैधतेसाठी, म्हणजे विधानं विषयाला धरून आहेत का हे बघायला, सहा ते दहा तज्ज्ञांकडून प्रत्येक विधान किती प्रस्तुत आहे, हे १ ते ४च्या पट्टीवर घ्या. ३ किंवा ४ देणाऱ्यांचं प्रमाण म्हणजे त्या विधानाचा आशयवैधता निर्देशांक. सहा किंवा अधिक तज्ज्ञ असतील तर तो किमान ०.७८ हवा. सहापैकी पाच म्हणजे ०.८३, चालेल. चार म्हणजे ०.६७, पुन्हा समितीकडे. पाच किंवा कमी तज्ज्ञ असतील तर सर्वांचं एकमत लागतं. पूर्ण मापनीची सरासरी ०.९० हवी.

हे आकडे छापायला सोपे, म्हणून बरेच जण इथेच थांबतात. पण प्रश्नावली तज्ज्ञ भरणार नाहीत. आशयवैधतेचा खरा कस संज्ञानात्मक मुलाखतीत, म्हणजे मुलाने विधान कसं समजून घेतलं हे त्यालाच विचारण्यात, लागतो, आणि वेळ वाचवायचाच असेल तर तो दुसरीकडे कुठेही वाचवा, इथे नको.

पाच ते आठ किशोरांची एक फेरी, मग दुरुस्ती, मग नव्या मुलांची दुसरी फेरी. नवी गफलत दिसेनाशी होईपर्यंत चालू ठेवा, आणि प्रत्येक विधान त्याच्या शेवटच्या शब्दरचनेत किमान सात जणांनी वाचलेलं असू द्या. निवड करताना वयाची दोन्ही टोकं, मुलगे आणि मुली, आणि विशेषतः वाचन कच्चं असलेली मुलं घ्या. ‘समजलं का?’ असं कधीही विचारू नका. मुलं ‘हो’ म्हणतात. त्याऐवजी विचारा: ‘हे वाक्य तुझ्या शब्दांत सांग.’ ‘उत्तर देताना कोणता प्रसंग आठवला?’ ‘हाच पर्याय का, त्याच्या शेजारचा का नाही?’

एक उदाहरण जवळून बघू. विधान आहे: ‘मला समजून घेणारी मोठी माणसं माझ्या आजूबाजूला आहेत.’ समितीला यात काहीच खटकणार नाही. मराठीत मात्र ‘मोठी माणसं’ म्हणजे वडीलधारी, तशीच प्रतिष्ठित आणि पैसेवालीही. एखादी मुलगी आई आणि मावशी डोळ्यांपुढे आणून ‘नेहमी’ लिहील. एखादा मुलगा ‘आमच्या ओळखीत मोठी माणसं नाहीत’ असं मनात म्हणून ‘कधीच नाही’ लिहील. दोघांना घरून तितकाच आधार असेल, गुणांत मात्र चार अंकांची दरी पडेल. प्रसंग विचारला तरच हे बाहेर येतं. ‘मला समजून घेणारं वयाने मोठं माणूस’ अशी दुरुस्ती सोपी आहे, आणि दुसऱ्या फेरीत तीही तपासायची.

पर्यायांचीही अशीच परीक्षा घ्या. ‘कधीच नाही, क्वचित, कधीकधी, बऱ्याचदा, नेहमी’ हे पाच शब्द पाच चिठ्ठ्यांवर लिहा, पिसून द्या आणि कमीपासून जास्तीपर्यंत क्रमाने लावायला सांगा. ‘क्वचित’ आणि ‘कधीकधी’ यांची अदलाबदल होत असेल तर ‘फार कमी वेळा’ असं सरळ लिहा. सहमतीच्या पट्टीवर मधला पर्याय ‘सांगता येत नाही’ असा ठेवू नका. ज्याला विधान कळलं नाही तोही तिथेच खूण करतो, आणि तुम्ही त्याला मधला गुण देऊन बसता.

यानंतर ३० ते ४० मुलांवर छापील स्वरूपात प्रायोगिक चाचणी. किती वेळ लागतो, कोणतं विधान कोरं सुटतं आणि कुठे सगळे एकाच टोकाला जातात, एवढं बघा. मुख्य अभ्यासात एकूण गुणांच्या सर्वांत वरच्या किंवा सर्वांत खालच्या टोकावर १५ टक्क्यांहून अधिक मुलं असतील, तर पट्टी त्या टोकाला अपुरी पडते आहे.

नमुना (अभ्यासात किती आणि कोणती मुलं) आणि प्रत्यक्ष भरून घेणं

विधानांच्या संख्येच्या सातपट आणि किमान १०० ही घटक विश्लेषणासाठीची तळरेषा. १७ विधानांना ती ११९ येते, पण गटांची तुलना करायची असेल तर प्रत्येक गटात किमान २०० धरून चाला. एक गोष्ट हिशेबात सुटते: एकाच वर्गातली मुलं एकमेकांसारखी उत्तरं देतात. वर्गात ३० मुलं आणि वर्गांतर्गत सहसंबंध (वर्गातलं हे साम्य) ०.०५ असेल तर रचनापरिणाम, म्हणजे नमुना किती पट मोठा लागेल तो आकडा, १ + २९ × ०.०५ = २.४५. म्हणजे ४९० मुलांचं वजन २०० सुट्या मुलांइतकंच. म्हणून मोजक्या वर्गांतून सगळी मुलं घेण्यापेक्षा जास्त वर्गांतून थोडी घेणं चांगलं, आणि विश्लेषणात कोणतं मूल कोणत्या वर्गातलं, हे धरणं आवश्यक.

नीतिविषयक समितीची मंजुरी, पालकांची परवानगी आणि मुलाची स्वतःची संमती ही तिन्ही वेगवेगळी घ्या. शिक्षक वर्गात फिरत असतील तर घराबद्दलची उत्तरं गोड होतात. कागद पाकिटात घालून मुलानेच पेटीत टाकावा. उत्तरं देताना कोणी अस्वस्थ झालं तर कोणाकडे न्यायचं, ते आधी ठरलेलं असावं. पुनर्चाचणीची (त्याच मुलांनी पुन्हा भरलेल्या कागदाची) जोडी लावायला नावाऐवजी सांकेतिक क्रमांक वापरा, आणि तो मुलाला लक्षात ठेवायला लावू नका. क्रमांकांची यादी वेगळी, कुलूपबंद ठेवा.

विश्लेषण

आधी सफाई. सगळीकडे एकच पर्याय खुणावलेले कागद, सुटलेली उत्तरं यांचे नियम आकडे पाहण्याआधी लिहून ठेवा.

मूळ रचना माहीत आहे, म्हणून सुरुवात पुष्टीकारक घटक विश्लेषणाने, म्हणजे ती रचना या उत्तरांना बसते का हे तपासून, करा. पाच पर्यायांची उत्तरं क्रमवाचक असतात (क्रम असतो, पण पर्यायांमधलं अंतर सारखं असेलच असं नाही), तेव्हा अशा उत्तरांसाठीची डब्ल्यूएलएसएमव्ही ही अंदाजपद्धत योग्य. आर या संख्याशास्त्रीय सॉफ्टवेअरमधल्या लवान पॅकेजात ती मिळते. रचना किती बसली हे दाखवणाऱ्या निर्देशांकांचे, म्हणजे सीएफआय किमान ०.९५, आरएमएसईए कमाल ०.०६, एसआरएमआर कमाल ०.०८, हे प्रचलित उंबरे १९९९च्या एका शोधनिबंधातून आले आणि ते सलग मापनासाठी होते. क्रमवाचक माहितीवर हेच निर्देशांक प्रत्यक्षापेक्षा छान दिसतात, त्यामुळे उंबरा ओलांडला म्हणून थांबू नका. प्रत्येक विधानाचा घटकभार (विधान घटकाशी किती जोडलेलं आहे) आणि उरलेले सहसंबंध (प्रतिमानाने, म्हणजे गृहीत रचनेने, न उलगडलेले) बघा. भार ०.४च्या खाली असेल तर मुलाखतींच्या नोंदी उघडा. बिघाडाचं कारण बहुधा तिथेच मिळतं. उलट, सहा विधानांच्या एकघटकी प्रतिमानाला जेमतेम ९ मुक्तांश (तपासायला उरलेली मोकळी माहिती) असतात, तिथे आरएमएसईए उगीच फुगलेला दिसू शकतो.

सॉफ्टवेअर सुचवेल त्या विधानांच्या चुकांमध्ये सहसंबंध जोडत जाऊन प्रतिमान बसवणं ही सर्वांत पसरलेली वाईट सवय. दोन विधानांत एकच शब्दप्रयोग असेल तर एखादी जोडणी समर्थनीय. पाच-सहा जोडल्यावर ते प्रतिमान फक्त तुमच्या नमुन्याचं उरतं.

रचना खरोखर बसलीच नाही तर शोधक विश्लेषण (रचना उत्तरांतूनच शोधणं) करा, पण पॉलिकोरिक (क्रमवाचक उत्तरांसाठीच्या) सहसंबंधांवर, समांतर विश्लेषणाने, म्हणजे यादृच्छिक आकड्यांशी तुलना करून, घटकांची संख्या ठरवून आणि घटकांना एकमेकांशी संबंध ठेवू देणारं तिरकं आवर्तन वापरून. आयगेन मूल्य (घटकाने उलगडलेला वाटा) १च्या वर असेल तो घटक धरणं आणि व्हॅरिमॅक्स आवर्तन, ही सॉफ्टवेअरची जुनी आयती वाट टाळा. ती घटक जास्त काढते आणि ते एकमेकांशी असंबद्ध असल्याचं धरून चालते, जे रेझिलियन्सच्या बाबतीत पटण्यासारखं नाही. शोधलेली रचना त्याच मुलांवर पुष्टीसाठी वापरू नका. नवा नमुना घ्या किंवा सुरुवातीलाच नमुना दोन भागांत तोडा.

मग मापनसमता, म्हणजे मापन सगळ्या गटांत सारखं चालतं का: आधी रचना सारखी आहे का, मग भार, मग एका पर्यायातून पुढच्या पर्यायात जाण्याच्या सीमा. प्रत्येक पायरीवर सीएफआय ०.०१हून जास्त घसरला तर कुठलं विधान अडवतंय ते शोधा. शेवटची पायरी न गाठता मुलगे आणि मुली किंवा १० ते १४ आणि १५ ते १९ या वयोगटांच्या सरासरींची तुलना छापू नका.

विश्वसनीयता प्रत्येक उपमापनीची वेगळी द्या, अल्फासोबत ओमेगाही (विधानांचे भार वेगवेगळे धरणारा तसाच आकडा). ०.७० ते ०.९५ हा पल्ला ठीक. त्याहून वर गेली तर विधानं एकच गोष्ट घोळवत आहेत. पुनर्चाचणी साधारण दोन आठवड्यांनी, किमान ५०, जमल्यास १०० मुलांवर, मध्ये परीक्षा किंवा निकाल येणार नाही अशी. आयसीसी (दोन वेळच्या गुणांचा मेळ दाखवणारा सहसंबंध) द्विमार्गी, निरपेक्ष मेळाचा घ्या. समजा प्रमाण विचलन (गुणांचा पसारा) ६ आणि आयसीसी ०.८०. मापनाची प्रमाण चूक ६ × √०.२० = २.६८, आणि एका मुलात खरा बदल म्हणायला लागणारा किमान फरक १.९६ × √२ × २.६८ = सुमारे ७.४ गुण. ४० गुणांच्या पट्टीवर हा फरक मोठा आहे. उपक्रमानंतर एखाद्या मुलाचे ३ गुण वाढले, तर त्याच्यापुरता काहीच निष्कर्ष निघत नाही.

शेवटी इतर मापनांशी संबंध. अपेक्षा आधीच दिशा आणि आकारासह लिहा: नैराश्याशी −०.३ ते −०.६, स्वक्षमतेशी ०.४ ते ०.६, सामाजिक इष्टतेच्या (चांगलं दिसावं म्हणून उत्तर देण्याच्या) मापनीशी ०.३च्या आत. पाऊण अपेक्षा खऱ्या ठरल्या तर पुरावा चांगला. नैराश्याशी −०.८ आला तर आनंदून जाऊ नका, तुम्ही नैराश्यच उलटं मोजत आहात. तुलनेची मापनीही मराठीत तपासलेली असली पाहिजे. ही अट बऱ्याच अभ्यासांत सुटलेली असते. कमी-जास्त ठरवणाऱ्या सीमारेषा मूळ भाषेतल्या नमुन्यातून उचलू नका. त्या मराठी किशोरांच्या गुणांवरूनच ठरवाव्या लागतात, आणि त्यासाठी नमुना मोठा आणि प्रातिनिधिक हवा.

अहवालात विधानवार सरासरी, वितरण, भार आणि वगळलेल्या कागदांची संख्या द्या. अंतिम मराठी मजकुरावर आवृत्ती क्रमांक आणि तारीख छापा. पुढे कोणी एका विधानातला एक शब्द जरी बदलला, तरी ते विधान पुन्हा मुलाखतीपासून तपासायचं आणि आवृत्ती क्रमांक बदलायचा.